अंगणात मैदान

सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीकडे गेले, आणि जावईबापूंनी मनाशी पक्कं केलं, की ते परत येतील तेव्हा मागच्या अंगणात पाऊल टाकताक्षणी त्यांचा श्वास रोखला गेला पाहिजे. श्वास रोखला गेला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त तो सासऱ्यांचा नव्हता, आणि कुणाचा होता हे अजूनही कुणाला नीट सांगता येत नाही.

जावईबापू म्हणजे त्या घरातल्या धाकट्या मुलीचा नवरा. पण सोसायटीतही सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. तळमजल्याचा फ्लॅट सासऱ्यांचा, दारावरची पाटी सासऱ्यांची, मागचं अंगण सासऱ्यांचं. 'घरजावई' हा शब्द कुणी तोंडावर उच्चारत नसे; 'बापू' मात्र जरा लांबवून म्हणत, आणि तेवढ्याने काम भागे. नोकरी विमा कंपनीत, नुकसानभरपाईचे दावे तपासण्याची. दिवसभर ते लोकांच्या नुकसानीत खोट काढत आणि संध्याकाळी सासरे त्यांच्या कामात. त्यांनी बसवलेला नळ गळायचा, त्यांनी ठोकलेला खिळा घड्याळासकट खाली यायचा. "जावईबापू, तुम्ही हात नका लावू," हे वाक्य त्या घराला भिंतींइतकंच जुनं झालं होतं.

सासऱ्यांची नजर काचबिंदूने कधीच गेली होती. सकाळी अंगणात वेताच्या खुर्चीत बसून चिमण्या ऐकणं हा त्यांचा दिवसातला मुख्य कार्यक्रम. अंगण म्हणजे काय, तर उघडी माती, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायची तार. मातीत चिमण्यांनी वाटीएवढे खळगे केले होते, त्यात त्या धुळीने आंघोळी करत. सासऱ्यांनी आवाजावरून त्यांना नावं दिली होती: हवालदार, सूनबाई, बडबडी. जेवताना त्यांच्या बातम्या मिळत. "आज हवालदाराने सूनबाईला खळग्यातून हुसकावलं. बडबडी मध्ये पडली, तर दोघांनी मिळून तिलाच झापलं." दूरदर्शनवरच्या बातम्यांपेक्षा या जास्त खात्रीच्या असत, कारण त्या सांगणाऱ्याला त्यातून काही मिळवायचं नव्हतं.

जावईबापूंना मात्र त्या अंगणात फक्त माती दिसे.

सोसायटीच्या मागे दोन गल्ल्या सोडून मोठं स्टेडियम होतं. तिथे नुकतीच फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पार पडली होती. 'आजवरची सर्वांत हरित स्पर्धा' असा भलामोठा फलक रस्त्यावर लागला होता, आणि तो लांबून दिसावा म्हणून रस्त्याकडेची झाडं तोडली होती. स्पर्धा संपल्यावर मैदानावर गाण्याचा कार्यक्रम होणार होता, त्यासाठी सगळं गवत उचलायचं आणि मग नवीन लावायचं ठरलं. उचललेलं गवत वाया जाऊ नये म्हणून आयोजकांनी योजना काढली: 'मैदानाचा तुकडा तुमच्या अंगणी'. गवत फुकट, वाहतूक फुकट, वर 'हरित नागरिक' असं प्रमाणपत्र. लोकांच्या दाव्यांकडे संशयाने बघण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला इथे शंका यायला हवी होती. पण संशय हा ऑफिसच्या वेळेतच चालतो.

"मातीला काय झालंय?" बायकोने विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि कुठलाही प्रश्न शांतपणे, उत्तराची वाट बघत विचारायची.

"बाबांचा गुडघा नवीन. मऊ गवतावर चालतील. पायाला थंड लागेल."

"आणि चिमण्या?"

"चिमण्यांना गवत आवडतं," जावईबापू ठामपणे म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ट्रक आला. गालिच्यासारख्या गुंडाळ्या उतरल्या. दोन कामगारांनी दुपारभरात अंगण झाकून टाकलं. जाताना त्यातला एक म्हणाला, "साहेब, नशीब काढलंत. पेनल्टी बॉक्स आलाय तुमच्या वाट्याला."

खरंच आला होता. नळाच्या अलीकडून निघून अंगण आडवं कापत भिंतीपर्यंत एक पांढरीशुभ्र रेघ गेली होती. बाकी गवत एक पट्टा गडद, एक पट्टा फिका, अगदी टीव्हीवर दिसतं तसं. जावईबापूंनी हात कमरेवर ठेवून ते पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना आपण या घराचे कुणीतरी आहोत असं वाटलं.

वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीत होत्या. काकू नेहमीच खिडकीत असत. खिडकी मागाहून त्यांच्याभोवती बांधली असावी. "जावईबापू, छान झालं हो! पण पाणी भरपूर घाला. आणि त्याच्याशी बोला. झाडांशी बोललं की ती रुजतात."

"काय बोलू?"

"तुम्ही ऑफिसात काय बोलता ते नका बोलू म्हणजे झालं."

पाणी भरपूर घातलं. गवत ते प्यायलं आणि थांबलंच नाही. सकाळी घातलेलं पाणी दुपारी कुठे गेलं ते कळायचं नाही. आठवड्याच्या आत सोसायटीची टाकी संध्याकाळी खडखडू लागली, आणि चेअरमनसाहेब, जे निवृत्त झाल्यापासून फक्त टाकीसाठी जगत होते, दारात उभे राहिले.

"जावईबापू, तळमजला नेमकं काय धुतोय?"

"थोडं गवत आहे, साहेब. एकदा मुळं धरली की पाणी कमी लागेल."

"माझ्या मेव्हण्याने असंच म्हणून म्हैस घेतली होती," चेअरमन म्हणाले आणि पुढे काही न सांगता गेले. त्या म्हशीचं काय झालं, हा विचार जावईबापूंना बरेच दिवस छळत राहिला.

पाणी बंद केलं. तरीही सकाळी गवताच्या प्रत्येक पात्याच्या टोकावर पाण्याचा एक थेंब असे, सगळे एका मापाचे. बायकोने समजावलं, की पाती नको असलेलं पाणी टोकातून बाहेर टाकतात, यात विशेष काही नाही. जावईबापूंचं समाधान झालं. मग त्यांच्या लक्षात आलं, की पाणी घातलेलंच नाही, तर नको असलेलं पाणी आलं कुठून? हे त्यांनी विचारलं, तेव्हा बायको म्हणाली, "खालून." तिचा आवाज वर्गात निघतो त्यापेक्षा जरा लहान निघाला.

दुसरी गोष्ट रेघेची. कपड्यांची तार रेघेच्या पलीकडे होती. एके दिवशी जावईबापूंनी पाहिलं, की बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन रेघेपर्यंत गेली, थांबली, वळली आणि कपडे आत आणून दोरीवर टाकू लागली.

"अगं, बाहेर ऊन आहे की."

"हो का?" ती म्हणाली, आणि आपण का वळलो हे तिला सांगता येईना.

मग त्यांनी लक्ष ठेवलं. दूधवाला मागच्या फाटकातून येऊन स्वयंपाकघराच्या दारात पिशवी ठेवायचा. आता ती रेघेच्या पलीकडे, गवताच्या कडेला ठेवू लागला. काकूंचं मांजर भिंतीवरून उडी मारून यायचं, रेघेपाशी बसायचं, शेपटी पायांभोवती गुंडाळून बराच वेळ पुढे बघायचं आणि आल्या वाटेने जायचं. जावईबापूंनी एका रविवारी कात्री घेऊन रेघेवरचं गवत कापलं. पांढरी टोकं डब्यात भरून टाकून दिली. दोन दिवसांनी रेघ जागेवर होती. "रंग खोडापर्यंत झिरपला असेल," बायको म्हणाली. तिने 'असेल' म्हटलं याची जावईबापूंनी मनात नोंद घेतली, कारण ती सहसा 'आहे' म्हणायची.

आणि गवत झुकत होतं. कुंडीतली सगळी रोपं दक्षिणेला, उन्हाकडे. गवत उत्तरेला, जिथे भिंतीपलीकडे स्टेडियमच्या छताची कड दिसायची. याचंही कारण बायकोने शोधून काढलं. स्टेडियमच्या आत पुरेसं ऊन येत नाही म्हणून मैदानावर चाकांचे मोठे दिवे फिरवतात. ते चोवीस तास जळतात. गवत त्यांच्याखालीच वाढतं.

"म्हणजे याला रात्र माहीतच नाही," ती म्हणाली.

हे ऐकल्यावर जावईबापूंनी अंगणाकडे उघडणारी झोपायच्या खोलीची खिडकी लावून घेतली. का, ते बायकोने विचारलं नाही. उलट कडी नीट बसली का, ते तपासून आली.

सासरे परत आले ते काठी टेकत, पण ताठ. "अंगणात चला, बाबा," जावईबापू म्हणाले. त्यांचा आवाज उत्साहाने चिरकला. सासऱ्यांनी उंबऱ्यापलीकडे पाय ठेवला, चप्पल काढली, अनवाणी पाऊल गवतावर टेकवलं आणि तसेच उभे राहिले.

"हे काय आहे?"

"गवत, बाबा! स्टेडियमचं. आंतरराष्ट्रीय!"

सासरे खुर्चीत बसले. मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आज काय सुट्टी आहे?"

"कुणाला?"

"सगळ्यांना."

तेव्हा जावईबापूंनी पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे काहीच ऐकलं नाही. चिमणी नाही, किडा नाही, माशीसुद्धा नाही. गवतात बोट घालून त्यांनी मुंगी शोधली. इतर वेळी साखरेच्या डब्यात नको नको म्हणताना सापडणारी मुंगी तिथे एक नव्हती. स्वतःचं पाऊल त्यांनी जोरात आपटून पाहिलं. त्याचाही आवाज आला नाही.

"येतील," ते म्हणाले. "सवय व्हायला वेळ लागतो."

चिमण्या आल्या नाहीत. जावईबापूंनी दाणे टाकले. दाणे तसेच राहिले आणि त्यांच्या टोकांवरही सकाळी थेंब दिसू लागले. मग त्यांनी मोबाइलवर चिमण्यांचा आवाज शोधून काढला आणि फोन कुंडीमागे लपवून चालू केला. सासऱ्यांनी क्षणभर ऐकलं.

"जावईबापू, या चिमण्या दर मिनिटाला तेच भांडण करतायत. आणि मध्येच कुणीतरी तेलाची जाहिरात केली."

अपमान व्हायचा तो झाला, पण तो नेहमीसारखा झोंबला नाही. कारण सासरे टोमणा मारून हसले नाहीत. जेवताना त्यांच्याकडे बातमी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या ताटावरून हात धुतला आणि सावकाश म्हणाले, "माझ्या मागे कुणीतरी बसलेलं असतं."

"कुठे, बाबा?" मुलीने विचारलं.

"अंगणात. एक नाही. खूप जण आहेत. आत्ता काहीतरी होणार, अशा थाटात सगळे श्वास रोखून बसलेत. मी वाट बघतो. पण ते श्वास सोडत नाहीत." त्यांनी पेला चाचपडत जवळ ओढला. "मला थोरलीकडे सोडा. इथे नाही बसवत मला. रविवारी तिच्या नवऱ्याला गाडी घेऊन यायला सांग."

"बाबा, घर तुमचं आहे!"

"घर माझंच आहे गं. अंगण राहिलं नाही."

बातमी काकूंच्या खिडकीतून सोसायटीभर गेली, आणि जाताजाता तिने आकार बदलला. जिन्यात दोघे जण बोलत होते, जावईबापू दिसताच थांबले. जावईबापूंच्या कानावर पडायचं तेवढं पडलं होतं: घरजावयाने म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं. शब्द शेवटी उच्चारला गेला. जावईबापू घरी येऊन पलंगावर बसले. जन्मभर आपण दुसऱ्यांचे दावे खोटे ठरवले. हा दावा कसा खोटा ठरवावा, ते त्यांना कळेना. कारण म्हातारा खरोखर बाहेर चालला होता आणि कारण खरोखर जावईच होता.

शनिवारी त्यांनी रजा टाकली आणि फावडं घेतलं.

फावडं आत गेलं नाही. कुदळ गेली, पण तिथेच अडकली, जणू खालून कुणी धरली. "वाकडी मारा, वाकडी!" काकू वरून ओरडल्या. "अहो, मीठ टाका, मीठ! गवत मरतं." चेअरमन टाकीवरून म्हणाले, की मीठ टाकलं तर पाइप गंजतील. शेवटी बायको लाकूड कापायची करवत घेऊन आली. कडेपासून कापत दोघांनी एक कोपरा उचलला, आणि खालची बाजू वर आली.

खाली जाळी होती. जाळीतून हिरवे प्लास्टिकचे धागे टाके घातल्यासारखे वर गेले होते, गवताच्या पात्यांमध्ये पात्यांसारखेच उभे, तेवढेच उंच, तेवढेच हिरवे. खेळाडूंच्या बुटांनी गवत उपटू नये म्हणून करतात, हे नंतर कळलं. मुळं त्या धाग्यांना वेढून, पांढऱ्या केसांसारखी, कुठलं काय ते ओळखू येऊ नये इतकी गुंतली होती. आणि जाळीखालची माती राखाडी, दाबल्यासारखी, दवाखान्याच्या वासाची.

"म्हणजे यातलं जिवंत किती होतं?" जावईबापूंनी विचारलं.

बायकोने एक पातं चिमटीत धरलं, मग दुसरं. तिसऱ्याला ती थांबली. "हातावरून सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि साबण लावून हात धुवायला आत गेली.

गुंडाळ्या करून त्यांनी फाटकाबाहेर ठेवल्या. ओल्या कचऱ्याची गाडी आली. गाडीवाल्याने एक धागा ओढून पाहिला. "प्लास्टिक आहे. सुक्यात टाका." सुक्या कचऱ्याची गाडी आली. "गवत आहे की हे. ओल्यात टाका."

"दोन्ही आहे," जावईबापू म्हणाले.

"मग वेगळं करा," दोन्ही गाडीवाल्यांनी दोन वेगवेगळ्या वेळी एकाच सुरात सांगितलं.

जावईबापू पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेले. उद्यान विभागातल्या बाईंनी प्लास्टिकचं नाव ऐकताच कचरा विभागाकडे पाठवलं. कचरा विभागातल्या माणसाने प्रमाणपत्राची मोबाइलवरची प्रत बघून त्यांचं अभिनंदन केलं.

"अभिनंदन नको. हे न्या."

"हरित नागरिकाने झाड तोडलं तर दंड आहे, साहेब. गवताचं मला बघावं लागेल."

"बघा."

"सोमवारी," तो म्हणाला. शनिवारी अर्धा दिवस होता.

मग एकच जागा उरली. भाड्याच्या टेम्पोत गुंडाळ्या घालून भर दुपारी जावईबापू स्टेडियमवर पोचले. पुढचं फाटक बंद. मागच्या रस्त्याला वळले आणि टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला. पुढे रांग होती. टेम्पो, हातगाड्या, टपावर गुंडाळी बांधलेल्या मोटारी. आत बसलेली माणसं त्यांच्यासारखीच, इस्त्रीच्या शर्टातली, आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. लग्नात घेतलेलं मानाचं पाकीट परत करायला सगळे वऱ्हाडी एकाच वेळी आल्यासारखी त्यांची तोंडं झाली होती.

फाटकावरचा पहारेकरी प्रत्येक गाडीला एकच वाक्य सांगत होता. "परत घेत नाही. मागे ठेवा. मी बघितलं नाही."

मागे डोंगर होता.

वाटून उरलेलं आणि वाटून परत आलेलं सगळं गवत तिथे रचलं होतं, गुंडाळीवर गुंडाळी, तीन मजले उंच. आधीच्या स्पर्धेचं असावं तेही खाली होतं. त्याच्याही आधीचं त्याच्याखाली. पाणी कुणी घालत नव्हतं. भोवतालची जमीन भेगाळली होती, कुंपणालगतचं बोरीचं झुडूप वाळून काटकी झालं होतं. डोंगर मात्र हिरवागार. गुंडाळ्यांच्या फटींतून पाती बाहेर आली होती आणि ती सगळी एकाच दिशेला, स्टेडियमच्या भिंतीकडे झुकली होती, जिच्यापलीकडे नवीन गवतावर दिवे फिरत असणार. पांढऱ्या रेघांचे तुकडे त्यावर कुठूनही कुठेही जात होते. वर एक पक्षी नव्हता.

लोक गुंडाळी ठेवत आणि निघून जायच्या ऐवजी उभे राहत. जावईबापूंनीही आपल्या गुंडाळ्या टाकल्या आणि उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं, की आपण सगळे ओळीने उभे आहोत, खांद्याला खांदा लावून, सगळ्यांची नजर समोर. आणि आपण श्वास रोखून धरला आहे. किती वेळ, ते आठवेना. त्यांनी श्वास सोडायचा प्रयत्न केला. सुटला, पण आपसूक नाही, ढकलावा लागला. तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, "ओ साहेब, मुक्काम करायचाय का?" आणि त्या माणसाला त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे का दिले, ते त्याला कधीच कळलं नसेल.

रविवारी उजाडताच जावईबापू अंगणात गुडघे टेकून बसले होते. आदल्या संध्याकाळी दोघांनी वरची राखाडी माती खरवडून फेकली होती. आता कालथ्याने ते खालच्या मातीत वाटीएवढे खळगे करत होते.

"एवढे खोल नको!" काकू वरून म्हणाल्या. "चिमणी आहे की बदक?"

सासरे तयार होऊन बाहेर आले. पिशवी त्यांच्या पायाशी होती. वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी काठीने जमीन टोकरली. माती खरखरली. त्यांच्या कपाळावरची एक आठी जरा सैल झाली. बायको चहा ठेवून गेली, तो निवला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. जावईबापू कालथा हातात धरून तसेच बसून राहिले. उठलं तर आवाज होईल अशी त्यांना भीती वाटत होती, आणि आवाज झालाच नाही तर, अशी त्याहून मोठी.

पुढच्या बाजूला गाडी थांबली. थोरल्या जावयाचा हॉर्न. सासऱ्यांनी पिशवीकडे हात नेला आणि तो वाटेतच थांबला.

"गप्प!"

कुणीच बोलत नव्हतं. मान कलती झाली. तारेवरून एक बारीक, घशात अडकल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा.

"बडबडी," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला, की जावईबापूंना दुसरीकडे बघावंसं वाटलं. "तीच ती! पण अशी का बोलतेय? तोंडात काहीतरी आहे तिच्या. घरटं लावतेय वाटतं. काय आणलंय हो, जावईबापू?"

जावईबापूंनी पाहिलं. तारेवर चिमणी बसली होती. चोचीत एक लांब, हिरवा, उन्हात चकाकणारा धागा होता. टोकाशी जरासा पांढरा.

पुढे पुन्हा हॉर्न वाजला. दारात बायको उभी होती. तिलाही दिसलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"काडी," जावईबापू म्हणाले. "काडी आहे, बाबा."

"बरी आहे का? ही नेहमी कुजकी उचलते. गेल्या खेपेला सगळं घरटं खाली आलं होतं."

"यंदा नाही येणार."

"टिकेल म्हणता?"

चिमणी उडाली, आणि खिडकीवरच्या छज्ज्याखालच्या अंधारात शिरली. धाग्याचं टोक क्षणभर बाहेर लोंबत राहिलं आणि मग तेही आत ओढलं गेलं.

"टिकेल," जावईबापू म्हणाले. एवढ्या एका बाबतीत त्यांना खोटं बोलावं लागलं नाही.